‘बोला’ म्हणजे ‘स्पीक’ नव्हे



ज्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसून मी व्याख्याने संपण्याची वाट पाहिली, त्याच सभागृहात आज मला व्यासपीठावर उभे करण्यात आले आहे. मागच्या रांगेतील विद्यार्थ्यांच्या मनात या क्षणी काय चालले असेल, हे मला पुरते ठाऊक आहे. शक्य तितके आटोपशीर बोलण्याचे त्यांना वचन देतो आणि विषयाकडे वळतो.

ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिलेले आहे, ते आमचे गुरुजी इंग्रजी शिकवीत. व्याकरणात ते कडक होते. परंतु त्यांचा खरा जीव वाक्प्रचारांत होता. एखादा वाक्प्रचार फळ्यावर लिहिला की त्याचा अर्थ ते लगेच सांगत नसत. हे कोण बोलले, कोणाला बोलले, बोलणारा उभा होता की बसलेला, असे प्रश्न आधी येत. आम्हांला तो वेळकाढूपणा वाटे. परीक्षेत अर्थाला गुण असतात, बसण्या-उभे राहण्याला नसतात, असा आमचा हिशेब होता.

तो हिशेब चुकल्याचे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळले. दोन दिवसांची रजा हवी होती. साहेब परप्रांतीय, त्यामुळे व्यवहार सारा इंग्रजीत. मी नम्रपणे चिठ्ठी लिहिली की, ‘सर, आय वॉन्ट टू हॅव वर्ड्स विथ यू.’ माझ्या मनात मराठी वाक्य होते, ‘आपल्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.’ एकाहून अधिक शब्द बोलायचे असल्याने मी अनेकवचन वापरले; व्याकरण बिनचूक होते. साहेबांनी मला आत बोलावले, दार लावून घेतले आणि माझी तक्रार काय आहे, असे गंभीरपणे विचारले. ‘हॅव अ वर्ड’ म्हणजे थोडे बोलणे. ‘हॅव वर्ड्स’ म्हणजे भांडण. रजा मिळाली, पण पुढे कित्येक दिवस साहेब माझ्याकडे जरा जपूनच पाहत. सुटीत येऊन गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, एका ‘स’साठी मी तुम्हांला तीन वर्षे छळले, ते उगाच नव्हे.

आज मला या ‘स’विषयी, म्हणजे बोलण्याविषयीच्या रोजच्या इंग्रजी वाक्प्रचारांविषयी बोलायचे आहे. त्यांची यादी कोणत्याही मार्गदर्शकात मिळते, तेव्हा ती मी देणार नाही.

आपल्या गावाचा या विषयाशी जुना संबंध आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो सुरतेहून जहांगीर बादशहाच्या भेटीस अजमेरला निघाला, तेव्हा वाटेत नोव्हेंबर १६१५मध्ये तो बुऱ्हाणपुरात उतरला. शाहजादा परवेझ तेव्हा येथे होता. दरबारात शिरताना रोला मस्तक भूमीला टेकविण्यास सांगण्यात आले. मी सेवक म्हणून आलेलो नाही, असे सांगून त्याने नकार दिला. जवळ येऊन बोलण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. खुर्ची मागितली, तीही मिळाली नाही. मात्र चांदीने मढविलेल्या एका खांबाला टेकून उभे राहण्याची सवलत मिळाली. एवढे झाल्यावर बोलणे झाले आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी या शहरात राहून व्यापार करावा, याला शाहजाद्याने मान्यता दिली. (खाजगी भेटही ठरली होती, पण रोने नजराण्यात मद्याच्या बाटल्या पाठविल्या होत्या आणि त्यांनी आपले काम आधीच केल्याने ती भेट राहून गेली.)

मागणी एका वाक्याची. त्याआधीचा सारा वेळ कोणी कोठे उभे राहून बोलावे, हे ठरविण्यात गेला. गुरुजी फळ्यापाशी उभे राहून विचारीत, तोच हा प्रश्न.

या रोची आणखी एक तक्रार होती. पुढे लिहिलेल्या पत्रांत तो म्हणतो की येथील दुभाषे समोरच्याला रुचेल तेवढेच बोलतात. आपल्या राजाचे नाव बादशहाच्या नावाआधी आले, म्हणून पत्रातला मजकूरही बदलू पाहतात. ही तक्रार वाचताना मला प्रथम त्या दुभाष्यांची कीव आली. पुढे माझ्यावरही त्यांच्या जागी उभे राहण्याची वेळ आली. ते शेवटी सांगेन.

मराठीत मान कोठे ठेवलेला असतो? तो सर्वनामात असतो आणि क्रियापदाच्या शेपटीत असतो. ‘बोल’ आणि ‘बोला’ यांत एका मात्रेचा फरक; पण त्यात वय, नाते, पद सारे येते. शिवाय ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ अशा तीन पायऱ्या. इंग्रजीत आज ‘यू’ ही एकच पायरी उरली आहे. सर टॉमस रोच्या काळी त्याच्या भाषेतही ‘दाऊ’ आणि ‘यू’ अशी दोन रूपे होती. शेक्सपिअर तेव्हा हयात होता आणि त्याच्या नाटकांतील पात्रे रागात किंवा प्रेमात एकावरून दुसऱ्यावर कशी घसरतात, हे पाहण्यासारखे आहे. नंतर ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून गेले. परंतु सर्वनाम गेले म्हणून माणसामाणसांतील अंतर गेले नाही. ते जाऊन बसले वाक्प्रचारांत. ‘मे आय हॅव अ वर्ड’, ‘इफ आय मे से सो’, ‘आय वंडर इफ आय कुड स्पीक टू यू’ यांचा शब्दशः अर्थ पाहू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ते इंग्रजीचे ‘अहो’ आहेत.

त्यामुळे मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत नेणारा आपला ‘अहो’ वेशीवरच ठेवून जातो. फोन उचलून आपण ‘बोला’ म्हणतो, तेव्हा त्यात आपुलकीचे आमंत्रण असते. त्याचे ‘स्पीक’ केले की ते जबानी घेणाऱ्या अधिकाऱ्याचे वाक्य होते. यावर आपल्या लोकांनी एक तोडगा काढला आहे. कचेऱ्यांतून आणि दुकानांतून आपण ऐकतो, ‘हां, टेल मी.’ हा सरळसरळ आपला ‘बोला’ किंवा ‘सांगा’ आहे, इंग्रजी कपड्यांतला. लंडनच्या माणसाला तो उद्धट वाटू शकेल. मला तो चुकीचा वाटत नाही. दोघे भारतीय एकमेकांशी बोलत असतील, तर तो त्यांच्या घरचा व्यवहार आहे. मात्र समोरचा माणूस त्या घरातला नसेल तेव्हा ‘हाऊ कॅन आय हेल्प यू’ म्हणावे, एवढे भान हवे.

आता बुऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याची खास अडचण. मराठीत ‘म्हणणे’, ‘सांगणे’ आणि ‘बोलणे’ यांचे प्रांत वेगळे आहेत. पाढे म्हणतात, निरोप सांगतात, भाषा बोलतात. ‘सांगणे’ला ऐकणारा हवा असतो, ‘म्हणणे’चे लक्ष उच्चारलेल्या शब्दांवर असते. इंग्रजीतील ‘टेल’ आणि ‘से’ यांचे भांडण बरेचसे असेच आहे. ‘टेल’ला ऐकणारा जवळ हवा, म्हणून ‘ही टोल्ड मी’ चालते. ‘ही सेड मी’ चालत नाही. परंतु आपण बाजारात जी हिंदी बोलतो तिने ‘कहना’ जवळजवळ सोडले आहे. ‘मैंने उसको बोला’, ‘उसको बोल देना’. एका ‘बोलना’त तिन्ही मराठी क्रियापदे बुडाली. ही गंगाजमनी बोली मला प्रिय आहे. ज्या गावाच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीबरोबर तिथी-नक्षत्रांसह संस्कृत लेखही कोरविला, त्या गावाने भाषांच्या सरमिसळीला नाक मुरडू नये. पण त्या बाजारी हिंदीवरून इंग्रजीत उडी मारणारा मुलगा ‘आय स्पोक हिम’ लिहितो. त्याने घरच्या मराठीवर पाय ठेवून उडी मारली असती, तर तो ‘आय टोल्ड हिम’पाशी पोहोचला असता. इंग्रजी सुधारण्यासाठी मराठी सोडा, असे सांगणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा.

तेथेही एक ठेच आहेच. मराठी ‘सांगणे’ जसे माहिती देण्याचे आहे तसे आज्ञेचेही आहे, ‘टेल’चेही तसेच. ‘आय टोल्ड माय टीचर दॅट आय वॉज इल’ यात काही वावगे नाही. ‘आय टोल्ड माय टीचर टू गिव्ह मी लीव्ह’ म्हटले की विद्यार्थी गुरूला हुकूम सोडतो. तेथे ‘आस्क’ हवे. मराठीत आपण सरांना रजा द्यायला ‘सांगत’ नाही, सरांकडे रजा ‘मागतो’. हे लहान मुलालाही कळते.

काही वाक्प्रचार तर दोन्ही भाषांत उलट्या दिशेने चालून एकाच ठिकाणी पोहोचतात. कोणी आपल्याला आपल्याच अनुभवातले दुःख सांगू लागला, की इंग्रज म्हणतो, ‘टेल मी अबाउट इट.’ शब्दांत तो अधिक सांगण्याची विनंती करतो. भाव असा की, अरे बाबा, ते मी भोगले आहे. आपण म्हणतो, ‘मला काय सांगतोस!’ ‘यू कॅन से दॅट अगेन’ हे ऐकून आमच्या वर्गातल्या एकाने खरोखरच वाक्य पुन्हा म्हणून दाखविले होते. तो वाक्प्रचार म्हणजे ‘अगदी बरोबर बोललात’.

ज्याच्याविषयी बोलत असावे तोच दारात उभा राहिला, तर इंग्रज ‘टॉक ऑफ द डेव्हिल’ म्हणतो. आपल्या घरी त्याला शंभर वर्षांचे आयुष्य मिळते. बुऱ्हाणपुरात गंमत अशी की, एकाच गल्लीत एका ओट्यावर ‘बड़ी लंबी उम्र है आपकी’ असे स्वागत होते आणि समोरच्या ओट्यावर दोस्तमंडळी ‘शैतान का नाम लिया, शैतान हाज़िर’ म्हणतात. दोन्ही म्हणणारे हसतच असतात. पण कोणाला काय म्हणायचे, हे कोणी चुकत नाही. सासऱ्याला कोणी सैतान म्हणत नाही. ‘टॉक ऑफ द डेव्हिल’ही बरोबरीच्या माणसालाच म्हणावे, साहेबांना नव्हे.

‘टॉक शॉप’ हा असाच एक मजेदार प्रयोग. लग्नाच्या पंगतीतही सुताचे भाव आणि लूमचे भारनियमन यांखेरीज दुसरे बोलणे नसलेल्या आपल्या यंत्रमागवाल्या मित्रांना तो चपखल लागू पडतो, दुकान असो वा नसो. ‘नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स’ला आपल्याकडे ‘अबोला’ हा किती सुंदर शब्द आहे! इंग्रजी प्रयोग एखादा करार स्थगित झाल्यासारखा वाटतो. अबोल्यात माया शिल्लक असते. येथे वकील मंडळी बसली आहेत, त्यांना ‘स्पीकिंग ऑर्डर’ ठाऊकच आहे. जो आदेश आपली कारणे स्वतः सांगतो, तो बोलता आदेश. कारण न देणारा निकाल मुका, ही कल्पना मला फार आवडते.

ऑक्सफर्डचे तत्त्वचिंतक जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५मध्ये हार्वर्ड विद्यापीठात व्याख्याने दिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६२मध्ये पुस्तकरूपाने आली. बोलणे ही एक कृती आहे, शब्द उच्चारून आपण काहीतरी करीत असतो, हे त्यांनी दाखविले. आपण ‘शब्द देतो’, ‘शब्द टाकतो’, ‘शब्द राखतो’, ‘बोल लावतो’, ‘बोलणी खातो’. हे सारे करण्याचेच प्रकार आहेत.

आता राहिलेली गोष्ट.

माझे काका एका मोठ्या शहरात रुग्णालयात होते. घरात इंग्रजी येणारा मीच, म्हणून काकूंना घेऊन डॉक्टरांसमोर बसलो. डॉक्टर दक्षिणेकडील, सज्जन गृहस्थ. ते हळू आवाजात म्हणाले, ‘आय अॅम अफ्रेड वी मस्ट टॉक अबाउट टेकिंग हिम होम.’ यातला एकही शब्द मला अवघड नव्हता. ‘आय अॅम अफ्रेड’ म्हणजे डॉक्टर घाबरले आहेत, असे समजण्याइतका मी अडाणी राहिलो नव्हतो. वाईट बातमीआधी उचलायचा तो पडदा आहे, हे गुरुजींनीच शिकविले होते. ‘मस्ट टॉक’ म्हणजे आता उपचारांविषयी बोलण्यासारखे उरले नाही, हेही कळले. काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, ‘डॉक्टर घरी न्यायचं म्हणतायत.’

वाक्य खोटे नव्हते. काकूंचा चेहरा उजळला. त्या उठल्या, डॉक्टरांना हात जोडले आणि खोलीवर जाऊन पिशव्या भरू लागल्या. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. त्यांना मराठी येत नव्हते, पण माझ्या भाषांतरातून काहीतरी गळले आहे, हे त्यांनी ओळखले असावे. सर टॉमस रोच्या दुभाष्याला मी त्या दिवशी पुरते ओळखले. परतीच्या गाडीत, भुसावळ येईपर्यंत, मला तोंड उघडता आले नाही. काका त्यानंतर अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत काकू पथ्याचे पाणी उकळीत राहिल्या. मुलाला सुरतेहून बोलावून घेण्याची घाई त्यांनी केली नाही. तो आला तेव्हा उशीर झाला होता.

काकूंनी मला कधी बोल लावला नाही. वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा पान वाढता वाढता त्या एवढेच म्हणाल्या, ‘तू सांगितलंस रे, पण बोलला नाहीस.’

त्या शाळेत चौथीपर्यंतच गेल्या होत्या. हे वाक्य इंग्रजीत कसे न्यावे, हे गुरुजींना विचारायचे माझ्या मनात होते. ते राहून गेले. ‘टेल’ आणि ‘स्पीक’ घालून मी अनेकदा प्रयत्न केला. व्याकरण जमते, काकू त्यात येत नाहीत. आज समोर इंग्रजीचे इतके शिक्षक बसले आहेत, म्हणून ते आपल्यापुढे ठेवतो. कोणास सुचल्यास मला अवश्य कळवावे.