ड्रॉइंगवरचा एक बाण
(पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरातले कालचे वर्तमानपत्र घ्या आणि त्याचे एक पान वरून खाली फाडून पाहा. ते बहुधा सरळ फाटत जाईल. आता दुसरे पान डावीकडून उजवीकडे फाडा. कितीही जपले तरी ते वेडेवाकडेच फाटेल. कागद तोच, हातही तोच. पण कागद तयार होताना त्यातले तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने बसलेले असतात, आणि कागद ते विसरत नाही. (या स्मरणिकेचे पान मात्र प्रयोगाला घेऊ नये, ही विनंती!)

लोखंडी पत्र्याचेही तसेच आहे. घरी चपाती लाटताना आपण ती फिरवत जातो, म्हणून ती सगळीकडे सारखी वाढते. पोलादाच्या गिरणीत पत्रा असा फिरत नाही. रुळांमधून तो एकाच दिशेने लांबत जातो आणि त्याच्या पोटातले कण व मळाचे बारीक अंश त्या दिशेला ओढले जातात. कारखान्यात या दिशेला ‘ग्रेन’ म्हणतात. पत्रा वाकवताना घडीची रेघ ग्रेनला आडवी असेल तर तो चांगला वाकतो. तीच रेघ ग्रेनला समांतर आली, आणि पत्रा कडक जातीचा किंवा घडीची गोलाई कमी असली, तर बाहेरच्या अंगाला चिरा पडतात. मऊ पोलादाचा पातळ पत्रा हे पुष्कळ सहन करतो. कडक ॲल्युमिनियम किंवा स्प्रिंगचे पोलाद करीत नाही. आणि चीर नेहमी लगेच दिसते असेही नाही. रंगाखाली ती झाकली जाते आणि पुढे गाडीच्या हादऱ्यांनी वाढत जाते.

आपले कोल्हापूर हे ओतकामाचे गाव. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या भागांत वाढलेल्या मुलाला भट्टी, साचा, पॅटर्न हे शब्द शिकवावे लागत नाहीत. पण बिडाचा रस साच्यात ओतला की त्याला पत्र्यासारखी लाटलेली दिशा नसते. म्हणूनच की काय, ओतकामाच्या ड्रॉइंगवर तयार झालेली नजर पत्र्याच्या ड्रॉइंगकडे वळली की नेमकी ही गोष्ट निसटते, असे माझे मत आहे.

दहावीनंतर, आयटीआय किंवा डिप्लोमानंतर आपली मुले-मुली कॅडच्या वर्गाला जातात. पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना माझे सांगणे असे की, संगणकाला पदार्थ कळत नाही, त्याला आकार कळतो. आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेत १९६३ साली ‘स्केचपॅड’ तयार केले, १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले, आणि आज पडद्यावर पत्रा वाकलेला, उलगडलेला, फिरवलेला दिसतो. पण पडद्यावर तुकडा काटकोनात फिरवला तरी काहीच बिघडत नाही. खऱ्या पत्र्यावर मात्र बिघडते. दिशा आपण सांगावी लागते.

एक हिशेब करून पाहू. पत्रा २५०० मिलिमीटर लांब व १२५० रुंद आहे आणि ग्रेन नेहमीप्रमाणे लांबीच्या दिशेने आहे. आपला उलगडलेला तुकडा ४९० बाय ४०० चा. ४९० ची बाजू लांबीकडे ठेवली तर एका पत्र्यात ५ गुणिले ३ म्हणजे १५ तुकडे बसतात. ४०० ची बाजू लांबीकडे ठेवली तर ६ गुणिले २, म्हणजे १२. तुकडे मांडणारा संगणक अर्थातच १५ निवडील. पण घडीसाठी ४०० ची बाजूच ग्रेनच्या दिशेला हवी असेल तर? ६० तुकड्यांना ४ पत्र्यांऐवजी ५ पत्रे लागतात. पाचवा पत्रा कोणाच्या खिशातून?

ड्रॉइंगवर बाण असेल तर भाव देतानाच पाचवा पत्रा धरला जातो. बाण नसेल तर कापणारा १५ च्या मांडणीने कापतो, घडीला चिरा पडतात, माल परत येतो, आणि मग ‘तुम्ही सांगितले नव्हते’ आणि ‘तुम्हाला कळायला हवे होते’ यांचा वाद सुरू होतो. या वादात सहसा जॉबवर्क करणारा लहान माणूसच भरडला जातो, कारण त्याचे बिल अडकलेले असते. ड्रॉइंग हा करारच असतो. त्यावर जे लिहिलेले नाही ते मागता येत नाही.

बाण काढायचा कसा? वाकवलेल्या चित्रावर नव्हे, उलगडलेल्या सपाट चित्रावर काढावा. पत्र्याला पुढे-मागे सारखेच, म्हणून बाणाला दोन्ही टोके द्यावीत आणि शेजारी शब्दांत लिहावे की ही लाटण्याची दिशा आहे. नुसत्या बाणाचा अर्थ जो तो आपल्या परीने लावतो. स्टेनलेसच्या पत्र्यावर पॉलिशच्या रेघा असतात; तिथे बाण त्या दिसणाऱ्या रेघांसाठी आहे की लाटण्याच्या दिशेसाठी, हे स्पष्ट करावे. घड्या दोन्ही दिशांना असतील तर तुकडा पत्र्यावर ४५ अंशांत मांडण्याची सूचना देता येते. पत्रा वाया जातो हे धरूनच. आणि जिथे गरज नाही तिथे बाण मुळीच काढू नये. उगाच घातलेले बंधनही पैसे खाते.

आणखी एक गंमत, गंमत कसली, डोकेदुखीच ती! लेसरवाल्याकडे जी फाइल जाते तीत बहुधा फक्त कापायच्या रेघा ठेवतात. टिपा आणि बाण वेगळ्या लेयरवर असतात, त्या मागेच राहतात. तेव्हा ऑर्डरच्या कागदावर दिशा पुन्हा लिहा आणि मांडणी करणाऱ्याला सांगा की हा तुकडा शून्य आणि १८० अंशांतच फिरवावा, ९० मध्ये नाही.

हे सारे नवे वाटत असेल तर आपल्या घरातल्या शिवणयंत्राकडे पाहा. शिलाईच्या कागदी नमुन्यावर असाच बाण असतो: हा उभ्या धाग्याला लावा. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्या गावच्या पोराला ताणा-बाणा शिकवायला नकोच. उभ्या धाग्यात कापड कमी ताणते, तिरके सर्वांत जास्त, म्हणून गळ्याची पट्टी तिरकी कापतात. मखमलीची लव एकाच बाजूला झुकते, म्हणून तिथे बाणाला एकच टोक. मुलींनो, शिवणक्लासात हे शिकला असाल तर कॅडच्या वर्गात तुम्ही शून्यापासून सुरुवात करीत नाही.

चामड्याचे काम याहून अवघड. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण कातडे ओळखणारा कारागीर त्याच्या कितीतरी आधीपासून पाठीचे घट्ट आणि पोटाचे ताणणारे चामडे हाताने चाचपून वेगळे करीत आला आहे. प्रत्येक कातडे निराळे. तिथे बाणाने भागत नाही, नजर लागते. सुताराचा रंधा उलट्या रेघेवर चालला की लाकूड उचकटते, हे त्याच्या पोराला पुस्तकाशिवाय ठाऊक असते. पालकहो, मुलगा कॅड शिकतो म्हणून त्याला कारखान्यापासून, वडिलांच्या हत्यारांपासून दूर ठेवू नका. पडद्यावर जे नाही ते तिथेच मिळते.

आणि विद्यार्थ्यांनो, सुट्टीत एक काम करा. ओळखीच्या कारखान्यातून कडक ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा टाकाऊ तुकडा मागून घ्या. त्यातून दोन पट्ट्या कापा, एक लांबीच्या दिशेने, दुसरी तिला आडवी, आणि प्रत्येकीवर तिची दिशा खडूने लिहा. दोन्ही व्हाइसमध्ये धरून सारख्याच काटकोनात वाकवा. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घाला. मग घडीच्या बाहेरच्या अंगावरून भिंग फिरवा आणि कोणत्या पट्टीवर चिरा जास्त आहेत ते वहीत लिहून ठेवा.