दाढीच्या ब्रशाचा जीर्णोद्धार



ज्या व्यासपीठावरून कालपर्यंत राज्यघटना, संतवाङ्मय आणि पाटबंधारे यांचा ऊहापोह झाला, त्याच व्यासपीठावरून दाढीच्या जुन्या ब्रशाची दुरुस्ती हा विषय मांडावयास मी उभा राहिलेला पाहून काही श्रोत्यांच्या मुखावर जे स्मित उमटले आहे, त्याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. वस्तरा आणि नहरणी यांच्या मागून कधीतरी न्हाव्याच्या धोकटीत शिरलेल्या या उपकरणाला आजवर कोणी व्याख्यानाचा मान दिला नसेल; परंतु जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ मला जर कोणी शिकवला असेल, तर तो या चार बोटे उंचीच्या जिनसाने.

काळ्या पाषाणाच्या देवळाला तैलरंग फासून त्यालाच जीर्णोद्धार म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे गावोगाव दिसतो. तेथे श्रद्धेची उणीव नसते. जुन्या वस्तूतील नासलेले काय आणि नुसते वयस्क झालेले काय, याचा निवाडा हात लावण्यापूर्वी करण्याच्या विवेकाची असते. माझ्या हातूनही पहिला प्रमाद नेमका हाच घडला. वडिलांच्या पश्चात त्यांच्या ट्रंकेत सापडलेला हस्तिदंती रंगाचा ब्रश, वर्षानुवर्षांची साबणाची पुटे सुटावीत म्हणून, मी कढत पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी पाहतो तो मूठ फुगलेली, आणि दोन दिवसांनी ती वाळली तेव्हा तिच्यात माथ्यापासून बुडापर्यंत केसाएवढी चीर गेलेली. ती मूठ हस्तिदंताची नव्हती, गॅललिथची होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत निघालेला हा पदार्थ दुधातील केसिन फॉर्मॅल्डिहाइडने कठीण करून बनवीत, आणि त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘दुग्धपाषाण’ असा होतो. पाषाणाच्या भरवशावर मी त्यातले दुग्ध विसरलो होतो.

तेव्हापासून ओळख आधी आणि पाणी मागाहून, असा शिरस्ता मी घालून घेतला आहे. मूठ अंगठ्याने खसखसून चोळावी आणि ऊब येताच हुंगावी. कापराचा दरवळ आला तर ते सेल्युलॉइड, त्याला ज्योतीजवळ नेणे म्हणजे कापूरच पेटवणे. कार्बॉलिक साबणासारखा उग्र दर्प आला तर ती लिओ बेकलंड यांनी 1907 साली सिद्ध केलेल्या बेकेलाइटच्या कुळातली राळ. आणि करपट दुधाची आठवण झाली, तर माझी कथा स्मरून मूठ ओल्या फडक्याने पुसावी व लगेच कोरडी करावी.

मुठीच्या बाबतीत असे मवाळ असणारे मन केसांच्या बाबतीत मात्र निष्ठुर असले पाहिजे. टोकाला फिकट, मध्ये काळा पट्टा आणि अंगात पाणी धरून ठेवण्याचा गुण, यांमुळे बॅजर या प्राण्याचे केस ब्रशासाठी अव्वल मानले जातात. पहिल्या महायुद्धात व्यापाराच्या जुन्या वाटा तुटल्या, तेव्हा घोड्याच्या केसांना रंग देऊन बॅजरचे सोंग देण्यात आले, आणि नीट निर्जंतुक न झालेल्या त्या केसांतून ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांच्या हनुवटीपर्यंत काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, जाऊन पोहोचली. रणांगणावर वाचलेले काही जण दाढी करताना जडलेल्या रोगाने दगावले. अखेर 1920 साली ब्रिटनने, असे ब्रश जेथून येत होते त्या जपानमधील दाढीच्या ब्रशांच्या आयातीस मनाई करणारा हुकूम काढला. या रोगाची बीजाणुरूपे दशकानुदशके तग धरतात, घरगुती उकळीवर त्यांच्या नाशाचा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून त्या काळातला घोड्याच्या केसांचा ब्रश हाती आला तर तो घरी उघडूच नये, आणि इतर कोणत्याही अपरिचित ब्रशाचे जुने केस, ते कितीही देखणे असोत, गालाला लावू नयेत.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, केस ओले करून मुठीच्या काठाशी कात्रीने छाटावेत, आणि मूठ जाड फडक्यात गुंडाळून मेजाला घट्ट आवळून गिरमिटाने मधोमध बारीक भोक पाडावे. मग एकेक मोठे पाते लावून, पाण्याचे थेंब सोडीत, ते रुंदावत न्यावे. प्रथम जुन्या राळेची तांबूस पूड येते, तिच्या मागोमाग केसांची मुळे गुंतवळासारखी गुंडाळून निघतात, आणि मुठीच्या रंगाचा पहिला कीस दिसताच हात थांबतो; उरलेला चिकटा कानशीने काढावयाचा. मग तयार मिळणारा नवा झुपका, समजा 22 मिलिमीटर व्यासाचा, प्रथम कोरडाच बसवून पाहावा. केस सुमारे 50 मिलिमीटर बाहेर राहिले तर फेस नीट होतो. दोन-तीन मिलिमीटर खोल गेले तर ते गालाला राठ लागतात, तेवढेच वर राहिले तर मलूल होऊन फाकतात. खळगा खोल असल्यास तळाशी लाकडी चकती टाकावी, आणि मगच अरल्डाइट लावून पुरे 24 तास त्याकडे पाहूसुद्धा नये.

राहिली झिलई. 600 नंबरच्या वॉटर पेपरपासून 2000 पर्यंत चढत जाऊन शेवटी ब्रासोचे बोट फिरवले, की मूठ आरशासारखी होते. आणि मोह होतो तो येथेच. बेकेलाइटच्याच कुळातल्या कॅटॅलिनची मूळची पांढरी मूठ हवा-उजेडाने लोण्यासारखी पिवळी पडते, तो पिवळेपणा पातळ पापुद्र्याएवढाच असतो, आणि दहा मिनिटे घासली तर दुकानातल्या पहिल्या दिवसाचा शुभ्र रंग खाली मिळतो. मी तो काढीत नाही. ओरखडे ही इजा आहे, ती पुसावी. पिवळेपणा हे वय आहे.

वडिलांचा ब्रश आज सकाळी वापरूनच मी येथे आलो आहे. त्याचा झुपका नवा आहे. चिरेत पाणी शिरू नये एवढ्यासाठी तिच्यावर पारदर्शक लेप दिला आहे. रंग भरून ती झाकण्याची तजवीज करता आली असती, परंतु मुठीवर वडिलांच्या अंगठ्याने झिजवलेली अक्षरे जशी त्यांच्या वापराचा दाखला आहेत, तशी ती चीर माझ्या घाईचा आहे, आणि एक राखून दुसरा खोडण्याचा अधिकार मला आहे असे मला वाटले नाही.