बोलणारे यंत्र आणि दलालाची पट्टी
(पापडी येथील रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



मागल्या आठवड्यात वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, "मोबाइल आता वाचून दाखवतो, विचारलं की उत्तर देतो. मग आम्ही अक्षरं गिरवायची कशाला?" तेव्हा आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आज त्यावरच बोलतो.

घरी राहून शिकणे ही काही नवी गोष्ट नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली टपालाने शिकवणे सुरू केले. आपल्याकडे नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. दिवसा काम करायचे, रात्री पुस्तक उघडायचे, परीक्षेला केंद्रावर जायचे. असे करून कितीतरी लोक पदवीधर झाले. पण रात्री दहाला गणित अडले तर विचारायचे कुणाला? गुरुजींची गाठ पडायची सुट्टीच्या दिवशी. तोवर उत्साह मावळायचा.

ती अडचण आता यंत्र दूर करू लागले आहे. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. नाव मोठे आहे, भिऊ नका. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याला पुरवलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो, हे त्यातून ते शिकते आणि उत्तर जुळवते. मराठीत विचारा, मराठीत सांगते. भागाकार कळला नाही, तर केळीच्या घडाचे उदाहरण घेऊन सांग म्हणा, तसे सांगते. दहा वेळा विचारा, कंटाळत नाही. (आम्ही कंटाळतो, हे कबूल!)

पण इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्याला कमी मिळालेला. कादोडीतला तर फारच थोडा. आपल्यातल्या एकीने त्याला कादोडीत विचारले, तर ते भलतेच बोलू लागले. आणि बोलले कसे, तर अगदी ठासून! गुरुजी चुकले तर निदान डोके तरी खाजवतात.

आता त्या बाईंचीच गोष्ट ऐका. त्या सोनचाफा दादरला पाठवतात. परवा दलालाची पट्टी आली, हाताने लिहिलेली. त्यांनी फोटो काढला. यंत्राने वाचले, "सातशे दहा." बाईंना शंका आली. त्यांनी पट्टी वर्गात आणली आणि बोट ठेवून स्वतः वाचली. रक्कम होती ७९०. नवाचा आकडा पुसट होता, यंत्राने त्याचा एक केला. बाईंना आकडे येत नसते, तर ऐंशी रुपये गेलेच होते. फुलं खुडायला पहाटे उठायचं त्यांनी, आणि हिशेब चुकायचा यंत्राने!

आपल्यातल्या दोघी पुढे मुक्त विद्यापीठाची परीक्षा देऊ म्हणतात. त्यांनी यंत्राला खुशाल विचारावे. समजेपर्यंत विचारावे. पण स्वाध्याय त्याच्याकडून लिहून घेऊ नये. परीक्षेच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, बरं का!

उद्या येताना प्रत्येकीने घरातली एक जुनी पट्टी किंवा बिल आणावे. आधी आपण फळ्यावर बेरीज करू. मग यंत्राला विचारू, त्याची किती येते ते.