डेंग्यूच्या दिवसांतली किवी

पावसाळा सरत आला की ठाण्याच्या घोडबंदर रोडवर एका फळाचा भाव चढतो. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रोच्या खांबांच्या आडोशाने फळांच्या ज्या हातगाड्या लागतात, त्यांवर एरवी किवी मागे कुठेतरी पडून असते. भाद्रपदात ती पुढच्या रांगेत येते. "किवी कशी दिली?" असं विचारलंत तर गाडीवाला भाव सांगत नाही, आधी विचारतो, "घरात डेंग्यू आहे का?" आणि तुम्ही मान हलवायच्या आत तीन नग पिशवीत पडलेले असतात. या रस्त्याला डेंग्यूचं काही अप्रूप नाही. दोन्ही बाजूंना इमारतींची कामं, पत्र्यांमागे साचलेलं स्वच्छ पाणी, आणि डेंग्यूच्या डासाला नेमकं तेच लागतं.

मला आज बोलायचं आहे ते खरं तर या किवीच्या धाकट्या बहिणीबद्दल. पण ती आपल्या गाड्यांवर अजून आलेली नाही, म्हणून थोरलीबद्दलही बोलावं लागेल.

धाकटीचं शास्त्रीय नाव अॅक्टिनिडिया अर्ग्युटा. कोरिया, जपान, उत्तर चीन आणि रशियाचा पूर्वेकडचा टोकाचा प्रदेश, या जंगलांतली ही वेल. पारा शून्याखाली पंचवीस-तीस अंश गेला तरी मरत नाही, म्हणून तिला काटक किवी म्हणतात. फळ मोठ्या द्राक्षाएवढं. अंगावर लव नाही, त्यामुळे सोलायची कटकट नाही. सालीसकट तोंडात टाकायचं. मात्र पिकलं की भराभर मऊ पडतं, टिकत नाही. दुकानदाराला न परवडणारं फळ, आणि ती मागे राहिली याचं हे एक मोठं कारण. थोरलीचं नशीब वेगळं. १९०४ साली इझाबेल फ्रेझर नावाच्या न्यूझीलंडच्या मुख्याध्यापिका चीनमधून परतताना तिच्या बिया घेऊन गेल्या, आणि पुढे त्या देशाने जगभर तिचा व्यापार केला. आता ती हिमाचलात आणि अरुणाचलातही पिकते. ठाण्यात मात्र वेल लावून उपयोग नाही. फळ धरायला तिला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते; आपल्याकडच्या जानेवारीत तिला स्वेटरही घालावासा वाटणार नाही.

आता या फळांत असतं काय? दोघींतही 'क' जीवनसत्त्व भरपूर. थोरलीच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे ९० मिलिग्रॅम. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम आणि बाईची ६५, असं आपल्या आयसीएमआरचं प्रमाण आहे. म्हणजे एका मध्यम किवीत जवळजवळ दिवसाचं काम होतं. धाकटीत हे प्रमाण वाणागणिक बरंच बदलतं. तिची श्रीमंती दुसरीकडे आहे. डोळ्याच्या पडद्याला उपयोगी पडणारं ल्युटिन तिच्यात नेहमीच्या फळांपेक्षा जास्त असतं. सायट्रिक आम्लाबरोबर क्विनिक आम्ल असतं, मायो-इनोसिटॉल नावाची एक साखरेसारखी गोष्ट असते, आणि सालीत कॅटेचिन, क्वेर्सेटिन अशी पॉलिफेनॉल असतात. साल पोटात जाते, तेव्हा हा ऐवज वाया जात नाही. कोरियात तिच्या अर्कावर ॲलर्जीच्या दृष्टीने बरेच प्रयोग झाले, त्यांतले पुष्कळसे उंदरांवर. उंदराला दिलेला आटवलेला अर्क आणि आपण खाल्लेली चार फळं यांत फार अंतर असतं. आरोग्याच्या जाहिराती हे अंतर एका उडीत पार करतात.

दोन्ही फळांतला सगळ्यांत मजेदार घटक म्हणजे ॲक्टिनिडिन. हे प्रथिनं तोडणारं विकर आहे. घरी बघायचं असेल तर किवीच्या फोडी दह्यात कालवून तासभर ठेवा. दही पातळ होतं आणि चव चक्क कडू लागते, कारण दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पडतात, आणि त्यांतले काही तुकडे कडू असतात. किवीचं श्रीखंड करायला निघालेल्यांनी म्हणूनच फोडी अगदी वाढताना घालाव्यात. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो ना, तिथेही काम करणारं विकर याच कुळातलं आहे. आणि किवी खाल्ल्यावर काहींच्या जिभेला जी चुणचुण होते, त्यात या विकराचा हात असतो, शिवाय कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांचा. अळू खवखवतो तोही याच सुयांमुळे.

मग किवीचा खरा, माणसांवर पाहिलेला गुण कोणता? तो जरा बोलायला संकोच वाटावा असा आहे: पोट साफ होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये पुरावे तपासून सांगितलं, की दिवसाला सुमारे २०० ग्रॅम, म्हणजे दोन-तीन हिरव्या किवी, शौच नियमित ठेवायला मदत करतात. तिच्यातला तंतू पाणी धरून फुगतो, मळ मऊ होतो. ही संस्था असे दावे सहसा फेटाळते, म्हणून या एका होकाराला वजन आहे. बद्धकोष्ठाच्या माणसासाठी किवी घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण गाडीवर ती विकली जाते पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, वाढवायला. निरोगी माणसाच्या रक्तात प्लेटलेट्स दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या उतरतात, कारण विषाणूमुळे अस्थिमज्जेतलं उत्पादन मंदावतं आणि तयार पेशीही लवकर नष्ट होतात. बहुतेक रुग्णांत आठवड्याभराने त्या आपोआप चढू लागतात. आता घरात काय होतं पाहा. चौथ्या-पाचव्या दिवशी रिपोर्टात आकडा खाली येतो, मामा किवी घेऊन येतात, सातव्या-आठव्या दिवशी आकडा वर जातो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. श्रेय मामांना आणि किवीला. किवीने डेंग्यूत पेशी वाढतात असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. रुग्णाला ती रुचत असेल तर जरूर द्या. पण डेंग्यूत लक्ष ठेवायचं ते ताप उतरताना. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर गाडी काढायची ती दवाखान्याकडे. घोडबंदर रोडची संध्याकाळ ठाऊक असेल तर दुपारीच काढायची. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब पडतो, खरा धोका तो. नुसत्या पेशींच्या आकड्याकडे बघत बसलं की तो नजरेतून सुटतो. पाणी, ओआरएस, पेज, नारळपाणी चालू ठेवायचं. अंग दुखतं म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घ्यायचं नाही.

आणि 'क' जीवनसत्त्वच हवं असेल तर त्याच गाडीवर, किवीच्या शेजारी, पेरू असतो. शंभर ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे किवीच्या दुपटीहून जास्त. तीन किवींच्या पैशांत किलोभर पेरू सहज येतात. कुणी म्हणेल, हा स्वदेशीचा आग्रह. तसं काही नाही. पेरूही परदेशीच. या रस्त्याच्या टोकाला घोडबंदरचा किल्ला ज्यांनी बांधला, त्या पोर्तुगिजांनी अमेरिकेतून पेरू, पपई, अननस, काजू आपल्याकडे आणले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी हा मुलूख घेतला. पोर्तुगीज गेले, पेरू राहिला.

अस्सल इथलं फळ म्हणाल तर करवंद. मे महिन्यात येऊरच्या बाजूने येणाऱ्या आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत 'डोंगरची काळी मैना' घेऊन बसतात. त्या काळ्या रंगात जांभळासारखीच अँथोसायनिन असतात, गरात पेक्टिन असतं; देठाशी चिकट पांढरा चीक येतो, तो धुऊन घ्यावा. पण करवंदाच्या बाबतीतही तोच न्याय लावायला हवा. त्याच्यात शंभर ग्रॅममागे ३९ मिलिग्रॅम लोह असतं असं सगळीकडे सांगतात. जुन्या तक्त्यांतला तो आकडा वाळवलेल्या करवंदाचा आहे. रसरशीत ताज्या फळात तेवढं मिळणार नाही. बदलापूरच्या आणि पालघरच्या बहाडोलीच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते चवीचं आणि मातीचं भूषण आहे. म्हणून जांभळांच्या भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करू नये.

किवी कुणी जपून खावी, तेही सांगतो. रक्त पातळ ठेवायला वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं, कारण तिच्यात 'के' जीवनसत्त्व बऱ्यापैकी असतं. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियम मोजावं. रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना किवीचीही असते. ओठ सुजले, घशात आवळल्यासारखं झालं तर पुन्हा चव पाहायला जाऊ नये.

बाकीच्यांनी खुशाल खावी. गाडीवरून आणलेली दगडासारखी कडक लागली तर कागदी पिशवीत पिकल्या केळ्याशेजारी ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती दोन-तीन दिवसांत मऊ होते. मग मधोमध कापा आणि चमच्याने खा.