फूल, पाणी आणि प्रतिबिंब
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छायाचित्र-प्रदर्शनाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी कोणा विद्वानाचे व्याख्यान होते. यंदा चिटणीसांनी माझ्यासारख्या हौशी छायाचित्रकाराची योजना केली, हा केवळ त्यांचा लोभ होय. बाहेरच्या दालनात आपल्या तरुण मंडळींची छायाचित्रे मांडली आहेत. त्यांतील बरीचशी पाण्यात प्रतिबिंबित झालेल्या फुलांची आहेत. तेव्हा त्याच विषयावर चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

ही आवड आपल्याकडे रुजावी यात नवल नाही. ठाणे हे तलावांचे शहर. कौपिनेश्वराचे दर्शन घेऊन मासुंदा तलावाच्या पाळीवर फेरी मारणे हा येथील कित्येक कुटुंबांचा परिपाठ आहे. कल्याणकरांना काळा तलाव आहे, उल्हास नदी आहे. डोंबिवलीकरांना खाडी जवळ आहे. पाण्यातील कुमुदे व कमळे तर आहेतच. परंतु वैशाखात पाण्याकाठी एखादा तामण किंवा बहावा फुललेला असेल, तर त्याचे प्रतिबिंबही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते.

प्रतिबिंब म्हणजे मूळ फुलाची उलटी नक्कल, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. कॅमेरा फुलाकडे वरून पाहतो, तर पाणी त्याच फुलाकडे खालून पाहते. पाण्याच्या वर देठावर उभ्या असलेल्या कुमुदाचे प्रतिबिंब नीट न्याहाळा. त्यात पाकळ्यांची पाठ आणि बाहेरची हिरवट दले दिसतील. वरच्या फुलात ती आपल्याला दिसत नाहीत. एकाच चित्रात एका फुलाच्या दोन बाजू मिळणे, हीच या कलेची खरी मौज आहे.

आता कृतीविषयी थोडेसे. पहिली गोष्ट वेळेची. वारा पडलेला असतो तो पहाटेचा प्रहर साधावा. पांढरे कुमुद रात्री उमलते आणि ऊन चढू लागले की मिटते. त्यामुळे उशिरा उठणाऱ्याला ते भेटत नाही. दुसरी गोष्ट कोनाची. पाण्याकडे सरळ वरून पाहिले, तर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 2 टक्केच परत येतो. दृष्टी पाण्याच्या पृष्ठभागाशी अवघा 5 अंशांचा कोन करील इतकी खाली आणली, तर निम्म्याहून अधिक प्रकाश परत येतो. म्हणून प्रतिबिंब हवे असेल, तर गुडघे टेकून, प्रसंगी पालथे पडून, कॅमेरा पाण्यालगत न्यावा लागतो. पुष्कळ जण हौसेने पोलरायझर फिल्टर लावतात आणि प्रतिबिंब नाहीसे झाले म्हणून चकित होतात. पाण्यावरची झळाळी काढून टाकणे हेच त्या फिल्टरचे काम! तो काढून ठेवावा, अथवा फिरवून योग्य त्या स्थितीत आणावा.

तिसरी गोष्ट अंतराची. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेले नसते. फुलापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत जेवढे अंतर, तेवढ्यावर ते असते. केवळ पृष्ठभागावर रोख धरला, तर फूल आणि प्रतिबिंब दोन्ही धूसर येण्याचा संभव असतो. रोख फुलावर धरावा आणि अॅपर्चर लहान, म्हणजे एफ 11 अथवा 16 च्या आसपास ठेवावे. पांढऱ्या पाकळ्यांचा तपशील प्रकाशाने करपू नये म्हणून छायाचित्र किंचित काळोखे घेतलेले बरे.

ज्यांना तलावापर्यंत जाणे होत नाही, अशा भगिनींसाठी घरगुती उपाय सांगतो. कल्याणच्या फुलबाजारातून दोन कमळे आणावीत. परातीत काळे कापड अंथरून त्यावर दोन बोटे पाणी ओतावे आणि परात गॅलरीत, ऊन न येणाऱ्या जागी ठेवावी. तळ जितका काळा, तितके प्रतिबिंब स्पष्ट. पंखा मात्र बंद करावा!

यानंतर येतो चित्रसंस्काराचा प्रश्न, आणि माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दाही तोच आहे. पूर्वी अंधाऱ्या खोलीत छायाचित्रकार कागदाचा एखादा भाग उजळ, एखादा गडद करीत. आज तेच काम मोबाईलवर बोटाने होते. ते वर्ज्य नाही. दादासाहेब फाळके यांनी 1912 च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेऊन त्याची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखविली. काळ त्यांनी आखडला. परंतु रोप जसे वाढले तसेच दाखविले. डोळ्यांना न दिसणारे सत्य त्या संस्काराने दिसू लागले. संस्कार असावा तर असा.

त्याच न्यायाने प्रकाशाचा तोल सावरावा, क्षितिज सरळ करावे, पाकळ्यांचा रंग मूळ रंगाशी जुळवून घ्यावा. प्रतिबिंब मूळ फुलापेक्षा थोडे गडद असते. ते तसेच राहू द्यावे. फुलाची आकृती उलटी करून खाली चिकटविण्याचा मोह मात्र आवरावा. पाकळ्यांची पाठ दिसायला हवी तेथे पोट दिसते, आणि जाणत्या नजरेपुढे बिंग फुटते.

याविषयी स्वतःची एक चूक आपणांसमोर कबूल करतो. काही वर्षांपूर्वी ठाण्यातील एका तलावावर मला एक सुंदर कुमुद सापडले. शेजारीच निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी तरंगत होती. घरी आल्यावर मी संगणकावर ती पुसून टाकली आणि पाणी निळसर केले. चित्राची वाहवा झाली. एके दिवशी आमच्या वृद्ध आत्याबाई घरी आल्या. त्यांचे बालपण त्याच तलावाकाठी गेले होते. चित्राजवळ बराच वेळ उभ्या राहून त्यांनी विचारले, “अरे, पाणी पुन्हा इतकं निर्मळ झालं का रे? मला एकदा घेऊन चल तिथं.” त्यांच्या डोळ्यांतला आनंद पाहून माझ्याने खरे सांगवेना, आणि खोटेही बोलवेना. ते चित्र मी त्याच दिवशी भिंतीवरून उतरविले. आज बाहेर माझ्या नावाने जे छायाचित्र लावले आहे, ते मूळचे आहे. त्यात पिशवी आहे. ती पिशवी कोणा परक्याने टाकलेली असेल, असे म्हणण्याचा धीर मला होत नाही. कारण तशाच पिशव्या आपल्याही घरांतून निघत आल्या आहेत.

कल्याणजवळ उल्हास नदीच्या पात्रात जलपर्णी माजलेली आपण पाहिली असेल. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती. तिचे फूल फिकट जांभळे, वरच्या पाकळीवर मोराच्या पिसासारखा निळा-पिवळा डोळा. छायाचित्रकाराला भुरळ पडावी असेच ते आहे. परंतु नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते आणि अनुकूल स्थितीत एक-दोन आठवड्यांत दुपटीने वाढते. जेथे ती दाट पसरते, तेथे पाणी दिसेनासे होते. फुले हजारो असतात, पण प्रतिबिंब एकाचेही नसते! आपल्या परिसरातील कित्येक घरांना पिण्याचे पाणी पुरविणाऱ्या नदीची ही अवस्था आहे. येथे जो छायाचित्रकार संगणकावर खोटे प्रतिबिंब काढील, तो नदीचे गाऱ्हाणे दडपील.

म्हणून तरुण मित्रांना माझे सांगणे आहे. प्रकाश सुधारा, पण पाण्याची साक्ष बदलू नका. पिशवी चित्रात नको असेल, तर ती चित्रातून पुसण्याऐवजी काठीने ओढून पाण्याबाहेर काढा आणि मग कॅमेरा उचला. वडीलधाऱ्यांना विनंती अशी की, घरचे निर्माल्य निर्माल्यकलशात द्यावे आणि गणपतीच्या विसर्जनासाठी कृत्रिम तलावाचा स्वीकार करावा. पुढील वर्षी याच दालनात याच तलावांची नवी छायाचित्रे लागतील. त्यांतले निर्मळ पाणी कोणीही न रंगवता निर्मळ आलेले असावे, आणि आत्याबाईंना मी ते दाखवायला नेऊ शकावे, एवढीच इच्छा आहे.