टेकडीवरचं घर आणि तीस दिवस



आज मी बोलणार आहे टेकडीबद्दल. म्हणजे तिथल्या सूर्यास्ताबद्दल नाही, तिथे घरं बांधायची परवानगी कशी मिळते, कोण तपासतं आणि त्यात तुम्हा-आम्हाला बोलायला जागा कुठे आहे, याबद्दल.

आपण जबलपूरवाले. पाहुणे आले की त्यांना मदनमहालला नेतो, बॅलन्सिंग रॉक दाखवतो आणि हमखास सांगतो, "22 मे 1997 च्या भूकंपातसुद्धा हा दगड हलला नाही!" खरं आहे. पण त्याच पहाटे शहरातली कितीतरी घरं तडकली आणि पडली, हे सांगायचं राहून जातं. दगड टिकला म्हणून त्याच्या शेजारी बांधलेलं घरही टिकेल, असं नसतं.

याच पहाडीवर वर्षानुवर्षं वस्ती वाढली. घरांना वीज आली, पाणी आलं, रेशनकार्डावर पत्ता आला. मग प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि 2019 च्या सुमारास शेकडो घरं हटवली गेली. माणसं शहराच्या कडेला पाठवली. पहाडी मोकळी व्हायलाच हवी होती, असं मलाही वाटतं. पण ज्यांची घरं गेली, त्यांना पहिली वीट ठेवताना कोणी अडवलं होतं? तपासणी उशिरा झाली की तिची किंमत सगळ्यात गरीब माणूस भरतो.

आता उलट बाजू पाहू. कोणी रीतसर, नकाशा काढून, उतारावर मोठी वसाहत बांधायची म्हणतं. अशा वेळी लोकांना वाटतं, जनसुनावणी होईल, तेव्हा बोलू. इथेच आपण फसतो. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, हे बरोबर. पण 2006 च्या अधिसूचनेत घरबांधणीच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. खाणीला सुनावणी असते, वसाहतीला नसते.

मग बोलायचं कधी? त्याआधी, मास्टर प्लॅनच्या वेळी. मध्य प्रदेशात 1973 चा नगर तथा ग्राम निवेश कायदा आहे. त्यानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. नोटिशीत हिंदीत 'आपत्ति एवं सुझाव' असं लिहिलेलं असतं. टेकडी हिरवी राहणार की निवासी होणार, हे याच टप्प्यावर ठरतं. एकदा निवासी रंग लागला, की पुढे महापालिका नकाशा तपासते, पण मुळात इथे घरं हवीत का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

पुण्याचं उदाहरण घ्या. 1997 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. त्यांच्या आराखड्यात सुमारे 978 हेक्टर टेकड्या जैववैविध्य उद्यानासाठी राखून ठेवायचं ठरलं. लोकांनी हरकती लिहिल्या, सह्या गोळा केल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. सरकारची मंजुरी यायला 2015 उजाडलं. म्हणजे टेकड्या वाचल्या? पूर्ण नाही. जमीनमालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर देऊ केला, तो त्यांना तुटपुंजा वाटला. जमिनी ताब्यात आल्या नाहीत आणि आरक्षणाच्या जागेवरही बांधकामं उभी राहिली. म्हणून हरकत लिहिताना "टेकडी वाचवा" एवढं पुरत नाही. जमीन ज्याची आहे त्याला काय मिळणार, हेही विचारावं लागतं.

मग हरकतीत लिहायचं काय? तीन प्रश्न.

पहिला, उतार किती? महाराष्ट्रात एकास पाचपेक्षा तीव्र उतार बांधकामासाठी बंद धरतात. म्हणजे पाच मीटर चालल्यावर एक मीटरहून जास्त चढ. आपल्या आराखड्यात अशी रेषा कुठे आहे, ते विचारा.

दुसरा, पाणी कुठे जाणार? मदनमहालची पहाडी ग्रॅनाइटची. पाऊस मुरतो कमी, धावतो जास्त. पायथ्याशी गोंड राजांच्या काळातले संग्रामसागरसारखे तलाव आहेत, ते उगाच तिथे नाहीत. वरचा ओढा बुजवला तर खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरणार.

तिसरा, रस्ता. अग्निशमनाची गाडी वर पोहोचेल का?

हरकतीवर खसरा नंबर लिहा, फोटो जोडा, पोच घ्या. सुनावणीला बोलावलं तर जा. एकटे जाऊ नका, पायथ्याच्या मोहल्ल्यातली चार माणसं सोबत न्या, कारण पाणी त्यांच्याच घरात येणार असतं.

आपल्याला वाटतं, सरकार आपलं ऐकत नाही. कधीकधी खरंच ऐकत नाही. पण लेखी हरकत फाइलीत राहते. उद्या प्रकरण कोर्टात गेलं, तर "तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं," असं कोणाला म्हणता येत नाही.

पुढचा मसुदा कधी येतो, यावर लक्ष ठेवा. तीस दिवस भराभर संपतात.