दुसऱ्याच्या सामानाची राखण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, इतिहासावर व्याख्याने झाली. त्या मालिकेत आम्ही चौघांनी चालविलेल्या एका संगणकी उद्योगाविषयी बोलावे, असा आग्रह कार्यकारिणीने धरला, तेव्हा आम्हांस संकोचच वाटला. परंतु हा उद्योग याच वास्तूत, वाचनालयामागील खोलीत, दर बुधवारी सायंकाळी, मंडळाच्या चहावर चालला. त्याचा हिशेब देणे आम्हांस प्राप्तच आहे.

गावी जाताना आपण कधी ना कधी रेल्वे स्थानकावरील सामानघरात ट्रंक ठेविली असेल. ट्रंकेत पैठणी आहे की पापड, याच्याशी कारकुनाला कर्तव्य नसते. पावती दाखविली की ट्रंक परत मिळते. ‘की-व्हॅल्यू डेटाबेस’ म्हणजे असेच सामानघर. पावती ही किल्ली, ट्रंक हे मूल्य. ही लायब्ररी स्वतः कोणाला दिसत नाही. इतर प्रोग्रॅम तिला आपल्या पोटात घेतात आणि आपले सामान तिच्यापाशी ठेवतात. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत केन टॉम्प्सन यांची ‘डीबीएम’ आली, पुढे बर्कली विद्यापीठातून ‘बर्कली डीबी’ निघाली आणि २०११ साली गूगलची ‘लेव्हलडीबी’ व हॉवर्ड चू यांची ‘एलएमडीबी’ अशा दोन नव्या लायब्रऱ्या आल्या. आम्ही हाती घेतलेली लायब्ररी याच कुळातली, परंतु फार लहान. तिचे नाव सांगून उपयोग नाही.

ती आम्ही लिहिली नाही. आम्ही केले ते तिचे ‘पॅकेज’. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केली. तिचा सारा भार जगभरचे स्वयंसेवक वाहतात. एखाद्याने लिहिलेला प्रोग्रॅम कोणाच्याही संगणकावर एका आज्ञेसरशी बसावा, नीट चालावा, त्याचे हक्क स्पष्ट असावेत, ही व्यवस्था लावणे म्हणजे पॅकेज करणे. यातील निम्मे काम चक्क वाचनाचे असते. प्रत्येक फाईल उघडावयाची, तिचा लेखक कोण आणि परवाना कोणता हे नोंदवावयाचे. आमच्यापैकी एकांची हयात बँकेत गेली; ते म्हणाले, कर्जाची कागदपत्रेसुद्धा आम्ही इतकी बारकाईने वाचली नाहीत!

या वाचनाला कोणी कारकुनी म्हणू नये. ‘बर्कली डीबी’ सांभाळणारी कंपनी २००६ साली ओरॅकलने विकत घेतली आणि २०१३ साली सहाव्या आवृत्तीपासून परवाना बदलला. नवा परवानाही मुक्तच होता, परंतु त्याच्या अटी अधिक कडक होत्या आणि त्या लायब्ररीवर विसंबलेल्या कित्येक प्रोग्रॅमांना त्या झेपणाऱ्या नव्हत्या. डेबियन ५.३ या जुन्या आवृत्तीवरच थांबले आणि २०२५ च्या आवृत्तीतही तीच आहे.

आता आमच्या फजितीकडे वळतो. डेबियनमध्ये पॅकेज अनेक जातींच्या यंत्रांवर तयार करून तपासले जाते. आमचे पॅकेज सर्वत्र उत्तीर्ण झाले, आय.बी.एम.च्या मोठ्या यंत्रांसाठी असलेल्या ‘एस-३९०-एक्स’वर मात्र नापास. चाचणीसाठी सोबत दिलेली नमुना फाईलच तेथे वाचता येईना. कारण असे : आपण मराठीत ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे आधी पाच, मग वीस. या कन्नड मुलखात मंडईत ‘इप्पत्तैदु’ म्हणतात; आधी वीस, मग पाच. संगणकांतही असे दोन पंथ आहेत. आपल्या घरची यंत्रे मोठी संख्या साठविताना लहान भाग आधी ठेवतात, ते यंत्र मोठा भाग आधी ठेवते. ‘लेव्हलडीबी’ कोणत्याही यंत्रावर एकाच क्रमाने लिहिते. ‘बर्कली डीबी’ फाईल उघडताना क्रम ओळखून घेते. आमची लायब्ररी ज्या यंत्रावर असेल त्याच्या रीतीने लिहीत होती आणि तसे कोठे नोंदवीतही नव्हती.

दुरुस्ती आठ ओळींची होती. ती पॅकेजमध्येच घालून मोकळे व्हावे, असे आमच्यांतील दोघांचे मत पडले. डेबियनच्या नव्या आवृत्तीचे दरवाजे २०२३ च्या आरंभी बंद होणार होते. तेव्हा चुकलो तर दोन वर्षे वाट पाहावी लागणार. इतर दोघांचे म्हणणे, मूळ लेखकाची लायब्ररी स्वतः बांधून त्याच यंत्रावर आधीपासून वापरणारे लोक असतील. आमचे पॅकेज बसविताच त्यांचे जुने सामान मिळेनासे होईल, आणि आमच्या फाईली इतरांना उघडणार नाहीत. एका बुधवारी आवाज इतके चढले की, वाचनालयातील मंडळींनी दार लोटून घेतले.

त्या वेळी डेबियनच्याच एका जुन्या प्रकरणाची आठवण निघाली. २००६ साली ‘ओपनएसएसएल’च्या पॅकेजमध्ये एका सद्हेतूने केलेल्या छोट्याशा बदलाने गुप्त किल्ल्या ओळखता येतील अशा निघू लागल्या, आणि हे मे २००८ मध्ये उघडकीस आले. त्यानंतर वाद मिटला असे म्हणवत नाही, पण आवाज खाली आले. आम्ही मूळ लेखकास पत्र लिहिले. उत्तरास पाच आठवडे लागले. त्याने फाईलच्या आरंभी क्रमाची खूण घातली, जुन्या फाईली वाचण्याची सोय ठेविली. ती आमच्या आठ ओळींहून पुष्कळच चांगली होती.

दरवाजे अर्थातच बंद झाले होते. जून २०२३ ची ‘बुकवर्म’ आवृत्ती आमच्यावाचून निघाली. त्या सप्टेंबरात डेबियनचे जागतिक संमेलन कोचीस भरले. आमच्यापैकी दोघे रात्रीच्या गाडीने गेले आणि आपले पॅकेज यादीत नाही, हे तेथे पुनःपुन्हा सांगत बसले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या ‘ट्रिक्सी’त मात्र ते आहे. तीत एकूण ६९,८३० पॅकेजे आहेत. त्यांतील हे एक.

आता मागणे. आमच्यांतील एकांची बदली गुवाहाटीस झाली, दुसऱ्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. सांभाळणारा उरला नाही की, डेबियनमध्ये पॅकेज ‘अनाथ’ म्हणून जाहीर होते आणि कोणी ‘दत्तक’ घेईपर्यंत तसेच राहते. हे शब्द आमचे नव्हेत, तिथले रूढ आहेत. मंडळातील मुलामुलींपैकी कोणास वाचनाचा कंटाळा नसेल, तर बुधवारी सहानंतर मागची खोली उघडी असते. चहा अद्याप मंडळाचाच आहे.